भावाची बोटीवरची हजेरी, दहा आकडी टाइमस्टॅम्प आणि तीन घड्याळं

माझा धाकटा भाऊ क्रूझ जहाजावर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कामाला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो मायामीला साइन ऑन झाला, म्हणजे जहाजावर रुजू झाला, आणि ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाहून साइन ऑफ होऊन, म्हणजे काम संपवून उतरून, घरी गोव्यात डिचोलीला आला. पगाराच्या स्लिपांवरचे ओव्हरटाइमचे तास त्याच्या हिशोबाशी जुळत नव्हते. म्हणून कंपनीकडे हजेरी मागितली, तर हाती आली ती लांबलचक आकड्यांची फाइल. ते आकडे तारखा-वेळांत आणणं, त्या वेळा नेमक्या कुठल्या घड्याळाच्या ते ठरवणं आणि मग वकील व कंपनी दोघांनाही मान्य होईल असा कागद तयार करणं, यात नोव्हेंबर ते जुलै गेले. गोव्यात बोटीवर माणूस असलेली घरं गावोगाव आहेत. त्यांतल्या कुणासमोर असली फाइल आली तर हात-पाय गळू नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. मी एका दुकानात हिशोब बघते. एक्सेल रोजच्या हातातलं, पण कॉम्प्युटरचं शिक्षण असं काही नाही. तेवढ्यावर हे जमतं.

नोव्हेंबरमध्ये आधी एजंटाच्या ऑफिसात गेलो. तोंडी काही होणार नाही, ईमेल करा, एवढंच उत्तर मिळालं. ईमेल लिहिण्याआधी नियम वाचून घेतला आणि त्याचा फार उपयोग झाला. सागरी कामगारांसाठी एमएलसी २००६ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला आहे. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. रोजची विश्रांती फार तर दोन तुकड्यांत देता येते आणि त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा असावा लागतो. विश्रांतीच्या नोंदीची प्रत मिळणं हा खलाशाचा हक्क आहे. हे सगळं ईमेलमध्ये साध्या शब्दांत लिहिलं.

पहिल्या खेपेस आले ते महिन्याचे छापील तक्ते, भावाच्या सहीसकट. सगळं नीटनेटकं, रोज तेच तास. भाऊ म्हणाला, "ताई, महिन्याच्या शेवटी समोर कागद येतो, रांगेत उभं राहून सही करायची असते. खरी वेळ कार्डात आहे." कामावर चढताना-उतरताना प्रत्येक जण आपलं कार्ड मशीनला लावतो, ती नोंद. मग दुसरा ईमेल केला, कार्ड मशीनची मूळ नोंद मागणारा. त्यात डिसेंबर गेला. नाताळ-नवीन वर्षात कुणी उत्तर देत नाही हे धरूनच चला. जानेवारीच्या मध्याला झिप फाइल आली.

आत दोन फाइली होत्या. एकीत कार्ड नंबर, मशीनचा नंबर आणि तिसऱ्या रकान्यात १७१३५८१२९७ असले दहा आकडी आकडे. दुसरीत सुरक्षा कवायती आणि प्रशिक्षणाची हजेरी, तिथले आकडे तेरा आकडी. कुठेही तारीख नाही, वेळ नाही.

इथे पहिली सूचना: आलेली फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. आधी तिची प्रत करा, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा आणि काय करायचं ते प्रतीवर करा. कारण तेरा आकडी संख्या एक्सेल १.७१ई+१२ अशी आखडून दाखवतो. त्या अवस्थेत फाइल पुन्हा सीएसव्ही (साध्या मजकुराची रकानेवार फाइल) म्हणून सेव्ह झाली, तर शेवटचे आकडे कायमचे जातात. रकाना आधी 'नंबर' करून दशांश शून्य ठेवला की पूर्ण संख्या दिसते.

आता या आकड्याचा, म्हणजे टाइमस्टॅम्पचा, अर्थ. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, ती ही मोजणी. मध्यरात्र कुठली? यूटीसीची, म्हणजे ज्या जागतिक घड्याळाच्या आपण साडेपाच तास पुढे आहोत त्याची. एका क्षणी हा आकडा डिचोलीत, मायामीत आणि भर समुद्रात एकच असतो. या गोष्टीने मला सगळ्यात जास्त धीर दिला. जहाज कुठे होतं, घड्याळ कुणी कधी फिरवलं, याचा मूळ आकड्यावर काहीच परिणाम होत नाही.

एकदा तरी हा हिशोब हाताने करून बघा. दिवसाचे सेकंद ८६,४००. १७१३५८१२९७ ला ८६,४०० ने भागलं की पूर्ण दिवस येतात १९,८३३ आणि बाकी उरते १०,०९७ सेकंद. बाकीचे झाले २ तास ४८ मिनिटं १७ सेकंद. १९७० च्या सुरुवातीपासून १९,८३३ दिवस पुढे गेलं की २० एप्रिल २०२४ येतो. म्हणजे २० एप्रिल २०२४, पहाटे २ वाजून ४८ मिनिटं १७ सेकंद, यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडची सकाळची ८:१८.

एक्सेलमध्ये हेच एका सूत्रात होतं. आकड्याला ८६४०० ने भागायचं, त्यात २५५६९ मिळवायचे आणि सेलला तारीख-वेळेचं रूप द्यायचं. २५५६९ हा १ जानेवारी १९७० चा एक्सेलमधला अनुक्रमांक आहे. भारतीय वेळ हवी असेल तर भागण्याआधी आकड्यात १९८०० मिळवा, साडेपाच तासांचे तेवढे सेकंद होतात. तेरा आकडी संख्या मिलिसेकंदांत असते, तिला आधी १००० ने भागायचं. ते राहिलं तर सेलमध्ये नुसत्या ##### खुणा दिसतात, कारण तारीख ९९९९ सालाच्या पलीकडे जाते. पटकन ओळखायची आणखी एक खूण आहे. दहा आकडी संख्या १७ ने सुरू होत असेल तर ती नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२७ च्या मधली कुठली तरी वेळ असते. आपल्या कामाची बहुतेक कागदपत्रं याच काळातली असतील.

इंटरनेटवर हे आकडे उलगडून देणारी पानं पुष्कळ आहेत. एखादा आकडा पडताळायला ती चांगली, पण कार्ड नंबर असलेली अख्खी फाइल तिथे चढवू नये. शिवाय ती दोन वेळा दाखवतात, एक यूटीसी आणि एक 'तुमची स्थानिक वेळ'. ही स्थानिक म्हणजे आपण बसलोय तिथली, गोव्यातली. जहाजावरची नाही.

सूत्र बसलं तरी मी लगेच पुढे गेले नाही. आधी आम्हांला स्वतःला पक्की माहीत असलेली एक वेळ शोधली. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. दुपारी आरतीच्या वेळी भावाने व्हिडिओ कॉल केला होता आणि भावजयीच्या फोनमध्ये त्या कॉलची नोंद होती, १२:३५. फाइलमध्ये त्या दिवशीची काम संपवून कार्ड लावल्याची नोंद १७२५६९२५०० अशी होती. ती उलगडली तर यूटीसी सकाळी ७:०१, आपल्याकडे दुपारी १२:३१ आणि भूमध्य समुद्रातल्या जहाजावर सकाळचे ९:०१. ब्रेकफास्ट सर्व्हिस संपवून तो बाहेर आला आणि चार मिनिटांत त्याने घरी कॉल लावला. सगळं जुळलं. अशा दोन-तीन ओळखीच्या वेळा आधी तपासून घ्याच. त्यानंतरच हजारो ओळींवर सूत्र खाली ओढा.

खरं काम इथून पुढे होतं. कंपनीचे छापील तक्ते जहाजाच्या घड्याळाप्रमाणे होते, त्यामुळे आमचा तक्ताही त्या घड्याळात आणावा लागणार होता. जहाजाचं घड्याळ कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. बंदरांची यादी घेऊन प्रत्येक बंदराची वेळ लावावी असं वाटणं साहजिक आहे, पण जहाज तसं चालत नाही. कोझुमेलचंच घ्या. हे मेक्सिकोतलं बेट वर्षभर यूटीसीच्या पाच तास मागे असतं, तिथे उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे करणं, नाही. मायामीत १० मार्च २०२४ ला उन्हाळी वेळ लागू झाली आणि मायामी यूटीसीच्या पाचऐवजी चार तास मागे झाली. म्हणजे त्या दिवसापासून कोझुमेलच्या धक्क्यावर एक वेळ आणि जहाजाच्या आत दुसरी, कारण भावाच्या जहाजाने तिथे आपलं मायामीचंच घड्याळ चालू ठेवलं. युरोपात उन्हाळी वेळ आली ती ३१ मार्चला. हे तीन आठवडे डोक्यात ठेवावे लागतात.

मग जहाजाचं घड्याळ शोधायचं कुठे? आम्हांला ते तीन ठिकाणी सापडलं. क्रू मेसच्या (कर्मचाऱ्यांच्या जेवणघराच्या) नोटीस बोर्डावर घड्याळ पुढे-मागे करण्याची सूचना लागते, तिचे काही फोटो भावाच्या फोनमध्ये होते. भावजयीशी झालेल्या चॅटमध्ये 'आज रात्री घड्याळ एक तास पुढे' असे मेसेज होते. तो ते कॉलची वेळ ठरवण्यासाठी पाठवायचा. ग्रीसच्या बेटांवर जाताना घड्याळ एक तास पुढे गेलं होतं का, हे त्याला आठवत नव्हतं. ते कळलं त्याच्या केबिनमधल्या मित्राच्या डायरीतून. या तिन्हींवरून एक छोटा तक्ता केला: कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंत जहाज यूटीसीच्या किती मागे वा पुढे. हा तक्ता पानभरही नाही, पण पूर्ण प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं पान तेच ठरलं.

फोटो आणि चॅट वापरताना काही गोष्टी जपाव्या लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली मूळ वेळेची नोंद निघून जाते आणि फाइलच्या नावात फक्त तारीख उरते. म्हणून फोटो मूळ फोनमधून केबलने घ्या किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटोतल्या वेळेला बरेचदा टाइम झोन जोडलेलाच नसतो. काही फोन फाइलच्या नावात स्थानिक वेळ घालतात, पिक्सेलसारखे फोन यूटीसी घालतात. चॅट एक्स्पोर्ट केली की तिच्या वेळा एक्स्पोर्ट करणाऱ्या फोनच्या टाइम झोनप्रमाणे छापल्या जातात. आम्ही चॅट भावजयीच्या फोनवरून काढली, त्यामुळे सगळ्या वेळा सरसकट भारतीय आल्या आणि हिशोब सोपा झाला. भावाला एक प्रश्न मी मुद्दाम विचारला: घड्याळ बदलायचं तेव्हा फोनमध्ये काय बदलायचास? तो सेटिंगमध्ये टाइम झोन बदलायचा. काही जण झोन भारताचा ठेवून नुसते काटे पुढे-मागे करतात. तसं केलेलं असेल तर त्या फोनमध्ये काढलेल्या फोटोंची मूळ वेळच बिघडलेली असते आणि ते पुरावा म्हणून टिकत नाहीत.

आता तो एप्रिल. जहाज मायामीहून बार्सिलोनाला निघालं. मायामी चार तास मागे, बार्सिलोना दोन तास पुढे, म्हणजे अटलांटिक ओलांडताना सहा रात्री घड्याळ एकेक तास पुढे करावं लागलं. त्यातली एक रात्र जशीच्या तशी देते, कारण तिथे मला या कामाचं महत्त्व कळलं.

१९ एप्रिलच्या रात्री भावाने कार्ड लावून काम संपवलं, तो आकडा वर दिलेला: १७१३५८१२९७. जहाज तेव्हा यूटीसीच्या तीन तास मागे होतं, म्हणजे जहाजाच्या घड्याळात रात्रीचे ११:४८. सकाळी त्याने कार्ड लावलं तो आकडा १७१३५९९५४१. मध्येच रात्री दोन वाजता घड्याळ तीन केलेलं, त्यामुळे आता जहाज दोन तास मागे आणि घड्याळात सकाळचे ५:५२. छापील तक्त्यावर बघणाऱ्याला ११:४८ ते ५:५२, सहा तास चार मिनिटं विश्रांती दिसते. नियमात बसते. दोन आकड्यांची वजाबाकी मात्र १८,२४४ सेकंद येते. पाच तास चार मिनिटं. माणूस पाच तास झोपला आणि कागदावर सहा तास लागले. त्या आठवड्यातल्या इतर रात्रीही अशाच निघाल्या. एवढं थकून तो फोनवर बोलता बोलता का झोपायचा, ते मला त्या रात्री संगणकासमोर कळलं आणि फार वाईट वाटलं. आई शेजारच्या खोलीत होती, तिला सांगितलं नाही.

म्हणून विश्रांतीचे तास काढताना घड्याळातल्या वेळांची वजाबाकी कधीच करू नका. मूळ आकड्यांची करा, ३६०० ने भागा, तास मिळतात. वाचायच्या वेळा फक्त वाचण्यासाठी.

पगाराच्या स्लिपा जोडताना आणखी एक अडचण आली, ती लहान पण घातक. स्लिपांवरच्या तारखा अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस. आपल्याकडचं एक्सेल ०४/०५ ला ४ मे समजतं, पण ०४/२० त्याला कळत नाही म्हणून ते मजकूर म्हणून सोडून देतं. ओळखायला सोपं आहे: खऱ्या तारखा सेलच्या उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसले की थांबा.

फेब्रुवारीच्या शेवटी पणजीला वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तक्ता शांतपणे बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मूळ फाइल कुणी उघडून सेव्ह केली आहे का?" नव्हती, हे ऐकून त्यांनी पुढचं सांगितलं. प्रत्येक नोंदीपुढे चार रकाने हवेत: मूळ आकडा जसाच्या तसा, यूटीसी, जहाजाची वेळ, भारतीय वेळ. मूळ आकडा कधीही पुसायचा नाही. आणि प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं, प्रमाणपत्र लागेल. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पूर्वी हे ६५ब चं प्रमाणपत्र म्हणून ओळखलं जायचं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, 'अ' भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश संख्या, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी तिची ओळख-संख्या, लिहावी लागते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हॅश पूर्ण बदलते, त्यामुळे फाइलला हात लागलेला नाही हे दाखवता येतं. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते, तिने ती काढता येते. वकीलबाईंच्या मते कंपनीशी बोलणी करायला प्रमाणपत्राची सक्ती नव्हती, पण तयार असलं की समोरचा गांभीर्याने घेतो. ओळखीतल्या एका कॉम्प्युटर इंजिनिअरने 'ब' भाग भरून दिला, त्याचे ३,००० रुपये झाले. नोटरीचे ५००, प्रिंट आणि बाइंडिंगचे साडेसातशेच्या आसपास. वकिलांची फी वेगळी. डिचोली-पणजी जाणं-येणं कदंब बसने, कामाची सुट्टी मात्र प्रत्येक वेळी अख्खी जाते.

मार्चच्या मध्याला सगळं ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. मग वाट बघणं. भाऊ दर दोन दिवसांनी विचारायचा, काही आलं का. दुसऱ्या कंपनीच्या बोलावण्यासाठी त्याने मेडिकल करून ठेवली होती, पण हे मिटल्याशिवाय जायला त्याचं मन तयार नव्हतं.

मे महिन्यात ऑनलाइन बैठक झाली. कंपनीच्या बाजूच्या माणसाने सुरुवातीलाच सांगितलं की तुमच्या वेळा आमच्या तक्त्यांपासून साडेनऊ तास दूर आहेत. तो भारतीय वेळेचा रकाना बघत होता. उन्हाळी मायामी आणि आपल्यात बरोबर साडेनऊ तासांचं अंतर आहे. वकीलबाईंनी त्याला जहाजाच्या वेळेचा रकाना दाखवला आणि सोबत घड्याळ बदलांचं ते एक पान. मग त्याने कोझुमेलबद्दल विचारलं, ग्रीसबद्दल विचारलं, अटलांटिकमधल्या रात्रींबद्दल विचारलं. प्रत्येक ठिकाणी नोटीस बोर्डाचा फोटो, मेसेज किंवा डायरीचं पान जोडलेलं होतं. आकडे त्यांच्याच मशीनचे असल्याने त्यांवर वाद झाला नाही.

जुलैमध्ये ओव्हरटाइमची बाकी भावाच्या खात्यात जमा झाली. मागितली होती तितकी सगळी नाही. कवायती आणि प्रशिक्षणाचे तास त्यांनी कामात धरले नाहीत, आणि कमी पडलेल्या विश्रांतीबद्दल पैसे नाहीत, फक्त नोंद घेतल्याचं पत्र आहे. वकीलबाईंच्या सल्ल्याने आम्ही ते स्वीकारलं. भाऊ ऑगस्टमध्ये नव्या जहाजावर गेला.

तुमच्या घरचं कुणी साइन ऑफ व्हायच्या बेतात असेल, तर जहाजावर असतानाच तीन गोष्टी लेखी मागायला सांगा, घरी आल्यावर त्या मिळायला महिने जातात. एक, कार्ड मशीनची मूळ नोंद, छापील तक्ता नको. दोन, त्यातला वेळेचा आकडा सेकंदांत आहे की मिलिसेकंदांत, आणि यूटीसी आहे का, हे एका ओळीत लिहून. तीन, पूर्ण कॉन्ट्रॅक्टच्या काळात जहाजाचं घड्याळ कधी आणि किती बदललं त्याची यादी. तिसरी गोष्ट द्यायला टाळाटाळ झाली, तर घड्याळ बदलाची नोटीस लागेल त्या दिवशी फोटो काढून तो घरी डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. आमचा भाऊ आता तेच करतो आणि भावजय ते फोटो तारखेप्रमाणे एका फोल्डरमध्ये ठेवते.